पुलावर चार दिवस लावलेला हँडब्रेक

२ डिसें., वेलचेरी
पुराचे पाणी उतरले. गल्लीतल्या सगळ्यांप्रमाणे आमचीही गाडी चार दिवस पुलावर होती. उतार आहे, हँडब्रेक लावून ठेव, असे जावयाने, श्रीधरने, माझ्या लेकीला, वासंतीला बजावले होते. मी म्हटले, गियरमध्ये ठेव, चाकाला दगड लाव. सासूचे कोण ऐकतो. आज ब्रेक सोडायला बटण दाबले. मोटर गुणगुणली, मागचे उजवे चाक हलेना. ब्रेकचे पॅड गंजून चाकाच्या डिस्कला चिकटलेत.

३ डिसें.
वासंतीचा ओठ फाटलाय. म्हणे, दार लागले. दाराच्या बोटात अंगठी नसते. खोदून विचारले तेव्हा, "गाडीवरून झालं. चूक माझीच." बत्तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले. पोरीला काय शिकवले? बॅग भर, नुंगंबाक्कमला माझ्या घरी चल म्हटले. उद्या बघू म्हणाली.

४ डिसें.
गाडी ओढून खाली आणली. सेल्वम मेकॅनिकने चाक काढले. पॅड दाबणारा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गंजून घट्ट. तेल, हातोडा, पुन्हा हातोडा. तासाने निघाल्या. पिस्टन मागे घेऊन ठेवलाय. जाताना मला म्हणाला, "अम्मा, हात आत असताना कुणी बटण ओढायचं नाही. मोटरला हाड कळत नाही." नव्या पिना उद्या.

५ डिसें.
श्रीधरला दम नाही. जुन्याच पिनांना ग्रीस फासून स्वतः जोडायला बसला. डॅशबोर्डवरचा दिवा बघायला मी ड्रायव्हरच्या सीटवर. उघड्या दारातून त्याची दोन बोटे पॅड आणि डिस्कच्या मध्ये दिसत होती. वासंतीने पाणी आणले, थोडे त्याच्या पाठीवर सांडले. त्याने न उठताच, दुसऱ्या हाताने, तिच्या घोट्यावर पाना हाणला. हाड वाजले. ती खाली बसली. मग मला, सासूला, अगदी आदराने, "अत्तै, हिला आत न्या."
मी बटण ओढले.
मोटरचे गुणगुणणे थांबेपर्यंत सोडले नाही.

६ डिसें.
एक बोट राहील, डॉक्टर म्हणतात. दुसरे काल रात्रीच काढले. श्रीधर सर्वांना सांगतो, अत्तैंचा हात चुकून लागला. बायकोला मारत होतो, हे मग सांगावे लागत नाही.
वासंतीचा पाय प्लास्टरमध्ये. सकाळी विचारले, "आई, चुकूनच ना?"
"नाही."
ती श्रीधरकडे जशी बघते तशी माझ्याकडे बघत राहिली.
दुपारी सेल्वमने नव्या पिना घालून गाडी दाराशी आणली. चाक मोकळे फिरते. वासंती कुबडी टेकत जाऊन मागे बसली. मला ये म्हणाली नाही. मी गॅलरीत लिहीत बसले आहे. कुठे जायचे, सेल्वमने दोनदा विचारले. तिने गॅलरीकडे न बघता कुबडी आत ओढून दार लावले.