डाळमिलच्या ॲपमधून माझी सुटका

३ नोव्हेंबर, सोमवार
रिटायर होऊन दोन महिने झाले. अकोल्याच्या डाळमिलच्या टीमचं मेसेजचं ॲप अजून माझ्या फोनवर. बडनेऱ्याहून रोजची गाडी सुटली, हे काही सुटत नाही. आज सोडणार. फायनल.

सकाळी ९.४०
सोडता येत नाही. ॲप मीच सुरू केलेलं, म्हणून मालक मी. मालकी दुसऱ्याला दिल्याशिवाय बाहेर पडू देत नाही म्हणे. बरोबरच आहे. वारस नीट पाहून निवडावा लागेल.

५ नोव्हेंबर, बुधवार
अश्विन इमानदार, पण प्रत्येक मेसेजला नुसता अंगठा टाकतो. पायल हुशार, पण नवी. संघपाल माझ्याच खुर्चीवर बसतो, त्याला देता येईल. पण त्याने मागायला तर पाहिजे ना बाप्पा! तोवर पोरं वाऱ्यावर नकोत म्हणून विचारलं, तुरीची ओल तपासली का. लगेच उत्तर आलं, हो साहेब. माझ्यावाचून पान हलत नाही यांचं.

९ नोव्हेंबर, रविवार
मिल बंद, ॲप थंडगार. आशा मेथी घेऊन जवळ बसली. म्हणाली, "सांगा, मिलमंधी काय चालू हाय?" तीस वर्षांत कधी विचारलं नाही, आता दर रविवारी विचारते. तासभर सांगितलं. उशिरा का होईना, बायकोला धंद्यात गोडी लागली.

११ नोव्हेंबर
ठरलं. शुक्रवारी संघपालला मालकी द्यायची आणि निघायचं. निरोपाचा मेसेज तयार, चौदा ओळी. "रडू नका" ठेवावं की काढावं, पाहतो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळी १०.१२
पायलचा मेसेज, सगळ्यांसमोर: "आज साहेबाले उत्तर द्याची पाळी कोनाची हाय? माझी तं शुक्रवारची. रविवार काकू पाहून राहिल्या."
अर्ध्या मिनिटात पुसला.
माझ्या मार्गदर्शनासाठी पोरांनी सिस्टीम लावली. उत्तम.

१०.३०
पण पुसला कावून?

दुपारी
जेवण गेलं नाही. यांचं दुसरं ॲप आहे. पोरगी तिकडचं चुकून इकडे बोलली. इथे आता मी एकटाच, बाकीचे पाळीपुरते येतात.
मालकी द्यायचं बटण समोर उघडून बसलो. पण आत्ता निघालो तर मी वाचलं हे पायलला कळेल. संघपाल तिला बोलेल. पोरीच्या जिवाला घोर लागेल. कसं निघू?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
विचारलं, बारदाना आला का. पायलचं दोन मिनिटांत उत्तर, वर पोत्यांचे तीन फोटो. घाबरली असेल. "छान" लिहिलं. निरोपाचा मेसेज राहू दिला.

१६ नोव्हेंबर, रविवार
आशा मेथी घेऊन बसली. "सांगा, मिलमंधी काय चालू हाय?"
लई वाईट वाटलं. तरी सांगितलं. तासभर. मेथी कधीचीच निवडून झाली होती, ती उठली नाही.
उद्यासाठी प्रश्न काढून ठेवला. सोपा. एका "हो साहेब"मध्ये काम होईल असा.