वजा एक इंच

प्रिय टाचणी,

आपल्या फ्रिजने परवा अखेर मान टाकली. इतकी वर्षं घरघर करून कान किटवणारा गडी एकदम गप्प झाला, तर मलाच चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं. दुरुस्तीवाल्याने मागे वाकून पाहिलं आणि नुसती मान हलवली. म्हणजे नवा घेणं आलंच. पण लहान घ्यायचा की मोठा, इथे घोडं अडलंय आणि ते तुझ्यावाचून पुढे सरकायचं नाही. फ्रिजसाठी लेकीला पत्र म्हणजे बाबांना म्हातारचळ लागला, असं म्हणशील. म्हण, पण पुढे वाच.

दुकानदार म्हणाला, आधी जागेचं माप आणा. जन्मभर लोकांच्या कंबरा मोजलेल्या शिंप्याला हा शहाणा माप घ्यायला सांगतोय! टेप गळ्यातच होती. ओटा आणि भिंतीमधली जागा एकट्याला नीट मोजता येईना, म्हणून काजूमावशींना हाक मारली. काजं करायला येतात म्हणून लहानपणी तूच त्यांचं हे नाव ठेवलंस आणि त्या आजही त्याला ओ देतात. मी माप सांगितलं, त्यांनी खडूने ओट्यावर मांडलं. सत्तावीस. दुकानदार म्हणाला, हवा खेळायला जागा धरली तर मोठ्याला इंचभर कमी पडतंय, लहानच घ्या. मावशीही म्हणाल्या की एकट्या माणसाला लहान पुरे. त्यांचं बरोबरच होतं. तरी मी दुपारभर तोंड पाडून बसलो आणि एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याची बाही उलटी जोडली.

तुला आठवतं ना, माझ्या टेपचं पहिलं इंच झिजून गेलंय? नवी टेप हाताला बसत नाही, म्हणून मी माप एकपासून धरतो. मी दिसेल तो आकडा ओरडायचो आणि तुझी आई एक वजा करून लिहायची. ती गेल्यावर मी मनातच वजा करून बोलायला शिकलो. त्या एका इंचापाशी मला रोज तिची आठवण येते, अजूनही.

काल राहवेना, म्हणून लाकडी गजपट्टी घेऊन पुन्हा मोजलं. चक्क अठ्ठावीस! मी तडक मावशींकडे गेलो की तुम्ही लिहिलंत काय. तर त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही एकपासून धरता ना? म्हणून मी एक वजा केला." मी मनात वजा केलेला, त्यांनी ओट्यावर. टेपचं हे गुपित मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं समोर बसून काजं करताना तिने ते आपणहून टिपलं होतं. आम्ही दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. बघ, लिहिता लिहिता 'त्यां'ची 'ती' झाली. आता खोडत नाही.

मग मी म्हटलं, मोठा बसतोय, तर मोठाच घेऊ. ती म्हणाली, तुम्हा एकट्याला कशाला? मी म्हटलं, "मला एकटं राहायचं नाहीये." तिचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, तीही एकटीच जेवते. ती सुई ओवायला लागली, आणि एरवी डोळे मिटूनही ओवणाऱ्या त्या बाईला सुईचं नेढं काही सापडेना. शेवटी म्हणाली, "आधी टाचणीला विचारा. ती नको म्हणाली तर लहान घ्या, मी रागावणार नाही."

म्हणून हे पत्र. तुझ्या आईची जागा आईचीच आहे, तिला कुणी हात लावत नाही. मी फक्त त्या जागेच्या शेजारी आणखी कुणी मावतं का, ते विचारतोय. दुकानदाराला थांबवून ठेवलंय, दूध शेजारच्यांच्या फ्रिजमध्ये आहे आणि मी या वयात नव्या गिऱ्हाइकासारखा आरशात बघतोय. लहान की मोठा, तेवढं कळव. मनात असेल ते सगळं लिही, मला बरं वाटावं म्हणून एक इंचही वजा करू नकोस.

तुझाच,
बाही उसवत बसलेला बाबा