समुद्र जागेवर नव्हता

गुरुजी,

समुद्र जागेवर नव्हता.

तुम्हाला सांगायचं होतं ते एवढंच, आणि ते लिहून झालं. पण कोकणातून परत येऊन आठवडा उलटला तरी माझ्या छातीतली धडधड बसत नाही, म्हणून पुढचंही लिहिते. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाजसुद्धा मला आता नीट आठवत नाही. फळ्यावर डस्टर आपटायची तुमची पद्धत मात्र आठवते. मी लातूरला असते. स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये भूगोल शिकवते. किनारपट्टी, खाड्या, बंदरं, सह्याद्रीचे घाट, आपली काळी माती, कुठं काय पिकतं आणि कुठली माणसं कशावर जगतात, हे सगळं माझी पोरं घडाघडा म्हणून दाखवतात. आणि त्यांची मॅडम पन्नाशीला आली तरी तिनं समुद्र पाहिलेला नव्हता. जमलं नाही म्हणून नव्हे. पाहायचाच नाही असं मी ठरवलं होतं, आणि त्याचं कारण तुम्ही होतात.

नायगाव तालुक्यातल्या आपल्या त्या शाळेत भिंतीवर लावायला धड नकाशा नव्हता. तुम्ही म्हणालात, नकाशा कशाला पाहिजे, तुम्ही हाव की एवढे. पाचवी ते सातवीची सगळी पोरं तुम्ही मैदानात नेलीत आणि चुन्यानं राज्याची हद्द आखून एकेकाला एकेक जिल्हा वाटून दिलात. ज्याला जो जिल्हा मिळाला तेच त्याचं वर्षभराचं नाव. 'ए गडचिरोली, फळा पूस.' 'सातारा, नाक पूस आदी.' लातूर तेव्हा नवाकोरा जिल्हा होता. ते पोरगं उस्मानाबादचा हात सोडून ऐटीत बाजूला उभं राहायचं आणि आपल्या डाळींची नि तेलबियांची बढाई मारायचं. मराठवाडा मागून चालत येऊन नकाशाला जोडला जायचा, कारण आपण निजामाच्या राज्यातून उशिरा आलो, आणि उशिरा आलेल्यानं हात जास्त घट्ट धरायचा, असं तुम्ही सांगायचात. शेजारच्या जिल्ह्याचा हात धरलाच पाहिजे असा तुमचा नियम. त्यामुळे ज्यांच्या घरी आम्हाला ओट्यावर चढायची सोय नव्हती, त्यांची पोरं आमच्या बौद्ध वस्तीतल्या पोरांचे हात धरून उन्हात तासतासभर उभी. एक बाप भांडायला आला होता, आठवतं? तुम्ही त्याला अगदी शांतपणे म्हणालात, 'पाटील, हद्दी सरकारनं आखल्यात. मी काय करू?' तो बिचारा परत गेला आणि तुम्ही पाठ फिरवून हसलात. मी पाहिलं होतं.

मला तुम्ही समुद्र केलंत. पोरं जास्त होती नि जिल्हे कमी, म्हणून कोणी नदी, कोणी डोंगर, आणि मी समुद्र. मी तिथंच भोकाड पसरलं. चुन्याच्या रेषेच्या आत सगळी शाळा उभी, आणि बाहेर कुंपणाकडेला मी एकटी. आमची वस्ती गावाबाहेर, आणि नकाशातही मला बाहेरच काढलं, हे माझ्या बारक्या डोक्यात तेव्हा लखकन आलं होतं. तुम्ही माझ्यापुढं उकिडवे बसलात आणि रागावलात. 'आगं, येडी का खुळी तू? तू भाईर न्हाईस. हे समदं राज्य तुझ्या कडंला उभं हाय. समुद्राला वेस नसती.' मग गोदावरी झालेली पोरगी निळी ओढणी घेऊन नाशकाहून निघाली आणि माझ्याकडे पाठ करून थेट नांदेडकडे धावत सुटली, तेव्हा मी पुन्हा तोंड पाडलं, की माझ्या एवढ्या जवळून निघते आणि उलटी पळते. तुम्ही म्हणालात, 'पळू दे. ढग कोन पाठवतं तिला? तूच की. सगळं आटतं, हिरी, तळी, नद्या. समुद्र आटत न्हाई.' त्या दिवसापासून मी शाळेत मान वर करून चालायला लागले, गुरुजी. माझ्या आईलाही वस्तीत 'समुद्राची माय' म्हणायला लागले होते.

त्याच साली पाऊस दडी मारून बसला. तळ्याचा तळ भेगाळला, आई पहाटे पाण्याला जायची ती उन्हं चढल्यावर परत यायची. तुम्ही तरीही म्हणालात की ह्या पोरांना मी समुद्र दाखवणार. फळ्याच्या कोपऱ्यात एका गावाचं नाव लिहिलंत, ते महिनाभर कुणाला पुसू दिलं नाहीत. आधी स्वतः जाऊन सोय पाहून येतो म्हणून एसटीनं निघालात. आम्ही दिवस मोजत होतो. तुम्ही परत आलात ती सकाळ मला आत्ताही समोर दिसते: तुम्ही वर्गात येता, कुणाकडे बघत नाही, कोपऱ्यातलं ते नाव हातानंच पुसून टाकता. तुमच्या चपलांना राखाडी चिखल वाळलेला आहे. गावात कुणाच्या पायाला चिखल लागण्यासारखं त्या वर्षी काही नव्हतं, म्हणून मी त्या चपलांकडेच बघत बसले आहे. 'सहल न्हाई,' तुम्ही म्हणता. 'तितं पाहण्यासारखं काय न्हाई. समुद्र, खाली बस.' मी उभी आहे हेसुद्धा मला कळलं नव्हतं.

पुढं महाराष्ट्र दिनाला सगळा गाव जमला आणि आम्ही नकाशा उभा केला, तेव्हा तुम्ही मला हाताला धरून नांदेडच्या शेजारी आणून उभं केलंत. कुंपणाकडची जागा मोकळी. आपल्या राज्याला त्या दिवशी समुद्रच नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणाला काही कमी वाटलं नाही. मला वाटलं ते एवढंच, की गुरुजींनी खरा समुद्र पाहिला आणि त्यात पाहण्यासारखं काही निघालं नाही, म्हणजे माझ्यातही काही नसणार. बारा वर्षांच्या पोरीचा हिशेब तो, तुम्ही म्हणाल. पण त्याच्यावर माझं अख्खं आयुष्य गेलं. लग्नात, नोकरीच्या मुलाखतीत, स्टाफरूममध्ये, कुणी माझ्याकडे जरा लक्ष देऊन पाहिलं की मनात तेच वाक्य यायचं. तुमची तोवर शिरूर अनंतपाळकडे बदली झाली होती. मग तुम्ही गेल्याचं कळलं. विचारायचं राहून गेलं.

आता माझी मुलगी डॉक्टर झाली आणि सरकारी नियमाप्रमाणे तिला गावात नेमणूक मिळाली ती नेमकी कोकणात. तिनं फोन केला, 'आई, तू झोपेत बडबडायचीस ना, ते फळ्यावरचं गाव, ते माझ्या दवाखान्यापासून जवळच आहे. आता तरी ये.' मी गेले. खाडीच्या तोंडाशी वसलेलं गाव, माड, कौलारू घरं, मासळीचा वास. रिक्षातून उतरले, बांधावर चढले, आणि गुरुजी, समोर काही नव्हतं. नुसता गाळ. नजर पोचेल तिथवर काळा-राखाडी ओला तळ, त्यात होड्या एका कुशीवर कलंडून पडलेल्या, चारा नसलेल्या सालात आपली जनावरं पडायची तशा. बगळे चालत होते. आणि मी, जी दरवर्षी फळ्यावर चंद्र, सूर्य नि पृथ्वी काढून भरती-ओहोटी शिकवते, ती मी भर बांधावर दोन्ही हात डोक्याला लावून ओरडले, 'अगं बाई, हाही आटला!'

बाजूला जाळी दुरुस्त करत बसलेली माणसं आधी दचकली आणि मग जी हसायला लागली ती थांबेनात. मुलगी ओशाळी होऊन म्हणाली, 'आई, ओहोटी आहे गं. ओहोटी!' मला कळत होतं. डोक्याला कळत होतं, पण लातूरच्या पायांना कळत नव्हतं. ज्यांनी रेल्वेनं आलेलं पाणी भरलंय त्यांना तळ दिसला की तो आटलेलाच दिसतो. त्या क्षणी मला तुमच्या चपला आठवल्या. तोच रंग, तोच चिखल. मी तिथंच बांधावर बसले. मुलगी म्हणाली, चल घरी, जेवून परत येऊ. मी हलले नाही. दुपार कलली तशी दूरवर एक चकचकीत रेघ दिसली. मग ती जाड झाली. मग चरांतून पाणी घुसायला लागलं, गुपचूप, घाईनं. एकेक होडी आळस दिल्यासारखी हलली, सरळ झाली, तरंगली. आभाळात ढगाचा ठिपका नाही, लख्ख ऊन, आणि पाणी येतंय! कुणी मागितलं नाही, कुणी टँकर पाठवला नाही, पाऊस नाही, आणि पाणी येतंय. असं काही जगात असतं हे मी कित्येक वर्षं शिकवत होते आणि माझा त्याच्यावर विश्वास नव्हता.

परत आल्यावर मी तुमच्या मंडळींचा, म्हणजे आमच्या काकूंचा नंबर मिळवला. त्या अजून शिरूरलाच मुलाजवळ असतात, ऐकू कमी येतं. 'कोन बोलतंय?' माझं नाव दोनदा सांगितलं, त्यांना उमजेना. मग मी म्हणाले, 'काकू, मी समुद्र.' आणि पलीकडून एकदम, 'आगं माय! समुद्र का तू? कुटं हायस लेकरा?' मी तुमच्या त्या फेरीचं विचारलं. त्यांनी इतक्या सहज सांगितलं, गुरुजी, की मी फोन कानाला लावून भिंतीला टेकले. 'जाऊन आले आन् दोन दिस जेवले न्हाईत. बसमदनं उतरले तर तितं निस्ता गाळ. त्या साली आपलं समदंच खडखडीत. त्यांच्या तोंडातनं निगालं, आरं, ह्यो बी आटला का! तितली मान्सं लई हसली म्हनं. कुनीतरी इचारलं, काय करता तुमी? ह्ये म्हनले, मास्तर हाव. मंग तर आनिक हसली. फिरतीची बस लागलेलीच हुती, तिच्यात बसून आले. मला म्हनले, आता त्या लेकरास्नी कंच्या तोंडानं शिकवू? समुद्राचं नाव काढलं की त्यांना त्ये हसनं ऐकू यायचं. तुज्यावर राग न्हवता बाय.'

मी म्हणाले, 'काकू, तो परत येतो. मी थांबले होते. दुपारी आला.'

'पाऊस न्हाई, काय न्हाई?'

'नाही काकू. ऊन होतं.'

त्या म्हणाल्या, 'आन् ह्येंनी बघितलंच न्हाई.' फोन ठेवला तेव्हा मला रडू आलं नाही. मी थक्क झाले होते, अजूनही आहे. एवढ्याशा हसण्यानं! ज्या माणसानं पाटलाला हद्दीबाहेर घालवलं, त्याला दोन-चार अनोळखी माणसांच्या हसण्यानं गप्प केलं, आणि ते गप्प बसणं मी माझ्या नावावर लिहून घेतलं. तुम्ही ती एक बस सोडून द्यायला हवी होती, गुरुजी. बांधावर बसून नुसतं थांबला असतात तर तुम्ही भरलं पाणी पाहून परत आला असतात आणि मी उभी राहिले असते माझ्या कुंपणाकडेला.

हे पत्र मी कुठं पाठवणार? वहीतून फाडून क्लासच्या कपाटात ठेवीन, बस. तुमच्यावरचा राग गेला म्हणून लिहायला घेतलं होतं. पण लिहिता लिहिता एक गोष्ट मी टाळत आले. मी ओरडल्यावर त्या हसणाऱ्या माणसांपैकी एकानं मलाही विचारलं होतं, 'काय करता तुम्ही, ताई?' मुलगी कौतुकानं सांगायला गेली, मी तिचा हात दाबला. तुम्ही निदान मास्तर हाव म्हणालात, गुरुजी. मी म्हणाले, घरीच असते.