जवाचं गुऱ्हाळ

म्युनिक, जर्मनी
ता. २७ एप्रिल १९९८

ती. आबांस,
सूरजचा सविनय जयभीम. वि. वि. मी खुशाल आहे. कंपनीचं ट्रेनिंग ऑगस्टात संपेल.

परवा शनिवारी इथल्या चार सोबत्यांनी मला डोंगरावर नेलं. थंडी नुकतीच सरली आहे. खाली कुरणात पिवळी फुलं, वर झाडांच्या सावलीला अजून बर्फ. चढण पन्हाळ्याच्या दुप्पट असेल. उतरताना पाय घसरला, लागलं नाही. हे आईला वाचून दाखवू नका.

पायथ्याच्या गावात एक छोटं गुऱ्हाळ होतं, जवाच्या रसाचं. म्हातारा मालक आणि त्याची बायको, दोघंच राबतात. तांब्याच्या काहिलीत रस उकळतात, मग तळघरात तीन आठवडे ठेवतात. तुमची फार आठवण झाली.

डोक्यावर हात असू द्यावा.
आपला,
सूरज

शिवाजी पेठ, कोल्हापूर
ता. १२ मे १९९८

चि. सूरज यास,
आबाचा जयभीम व अ. आ. पत्र पोचलं. वाचून दाखवू नका हे शब्द आले तोवर पाय घसरल्याचं वाचून झालं होतं. आई विचारते, बूट होते का चप्पल?

माझ्या डोक्यात मात्र गुऱ्हाळ बसलंय. मी चौथी नापास, पण तीस वर्षं गुळव्या होतो. रस सकाळचा संध्याकाळपर्यंत राहिला तरी आंबतो. तीन आठवडे ठेवलेल्या रसाला काय म्हणतात, ते मला शिकवू नको.

गुऱ्हाळ हा शब्द ऐकून आई चूल सोडून बाहेर आली. तू लहान होतास, तुला ठाऊक नाही. मी अकरा वर्षं दारू प्यायलो. कुठं होता म्हणून ती विचारायची, मी सांगायचो गुऱ्हाळावर गेलतो. पावसाळ्यात गुऱ्हाळं बंद, तरी तेच. विहारात पाचवं शील घेतलं आणि सोडली. त्यानंतर घरात तो शब्द कुणी काढला नाही. मीसुद्धा कामावर जातो एवढंच म्हणायचो. आता तू काढलास. आई म्हणाली, हे बापाचंच वळण की.

पाय गुऱ्हाळाच्या आधी घसरला की नंतर, तेवढं लिही. रागावणार नाही असं म्हणत नाही, पण खरं लिही. तीन दिवस घास गोड लागलेला नाही.

पत्राची वाट बघणारा,
आबा

म्युनिक
ता. २९ मे १९९८

ती. आबांस,
सविनय जयभीम. वि. वि. पाय आधीच घसरला होता. बूट होते.

ती बियर करायची जागा होती. तसं लिहायला हात धजला नाही, म्हणून गुऱ्हाळ लिहिलं. आपल्या घरात त्या शब्दानं काय झालंय, मला खरंच माहीत नव्हतं.

म्हाताऱ्यानं सगळ्यांच्या हातात ग्लास दिले. मी अर्धा प्यायलो. कडू लागली, उरलेली सोबत्यानं संपवली. काहिलीतला गरम रस त्यानं पळीनं चाखायला दिला, आंबण्याआधीचा. तो काकवीसारखा लागला, मी मागून दोनदा घेतला.

चुकलो. अर्ध्या ग्लासाचं आईला सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. माया पातळ होऊ देऊ नका.

आपला,
सूरज

शिवाजी पेठ, कोल्हापूर
ता. १५ जून १९९८

चि. सूरज यास,
आबाचा जयभीम व अ. आ. ठरवायला दोन दिवस लागले. पत्र खिशात घालून रंकाळ्यापर्यंत जाऊन आलो. शेवटी आईला समोर बसवून वाचलं. अर्ध्या ग्लासापाशी आलो. ते वाक्य सोडून पुढं गेलो, मग मागं फिरलो आणि तेही वाचलं.

आईनं तांदळातले दोन खडे काढून टाकले. मग म्हणाली, पोरानं महिन्यात सांगितलं, बापाला अकरा वर्षं लागली. पुढं तिनंच विचारलं, काकवीसारखा गोड रस असताना लोक तो कडू कशाला करतात? ते म्हाताऱ्याला विचारून कळव.

पुन्हा ग्लासाला हात लावू नको. डोंगर चढ, पण बुटाचे तळवे बघून. आमच्यावरचा लोभ तिकडच्या थंडीत गोठू देऊ नको.

तुझा,
आबा

ता. क. पाकीट परत उघडून लिहितोय. टोपी घालून निघालो, तर आई आतून म्हणाली, गुऱ्हाळावर व्हय? इतक्या वर्षांत तिच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा आला, आणि ती हसत होती. मी म्हणालो, न्हाय, पोस्टात.