आठ फेऱ्या, एकच किल्ली

३ नोव्हेंबर, सोमवार. सांगली
सकाळी कॉलेजात दोन तास घेतले. दुपारी विश्वजितची फाइल उघडली. माझा हा धाकटा भाऊ जाऊन आज चाळीस दिवस. संदेश गुप्त करण्याची त्याची पद्धत – छोटा तुकडा घ्यायचा, गुप्त आकड्याची किल्ली मिसळत आठ फेऱ्या घुसळायचा – कंत्राटदार लियाकतभाई कराडकडच्या एका उपसा सिंचन योजनेच्या पंपांत बसवणार आहेत. वीस तारखेला! किल्ली बाहेरच्याला सापडली तर कोणीही पंप बंद-चालू करील.
लियाकतभाई म्हणाले होते – "मॅडम, तुमी एकदा फोडून बघा. न्हाईच फुटलं तर सही करा."

५ नोव्हेंबर
शेवटच्या फेरीची किल्ली अंदाजाने धरायची, उलटं यायचं, मूळ संदेशाची खूण दिसते का बघायचं. पाच फेऱ्यांपर्यंत जमलं. पुढे नाही. बरं वाटलं!

७ नोव्हेंबर
कोरेगावहून आईचा फोन. "यंत्रावर आमच्या विश्वाचं नाव घालणार हायत म्हणं. व्हय गं?"
हो म्हटलं.
"मग चुका काढत बसू नगंस. ल्हानपणी त्याच्या वह्यांत काढायचीस तशा." हसली. किती दिवसांनी हसली.

१० नोव्हेंबर
फुटलं.
आठही फेऱ्यांत किल्ली तीच. जराही बदलत नाही! मग फेऱ्या आठ काय, ऐंशी काय – एक दुसऱ्याच्या एकच फेरी पुढे असलेली संदेशांची जोडी शोधायची आणि एकच फेरी सोडवायची. पासष्ट हजार संदेश पुरले. अकरा मिनिटांत किल्ली स्क्रीनवर.
असली चूक? विश्वजितने? राग आला त्याचा. माणूस राहिला नाही, तरी राग येतो.

११ नोव्हेंबर
लियाकतभाई – "काय मॅडम, टिकलं का सरांचं काम?"
"बघतेय अजून." खोटं बोलले. सांगितलं तर त्याचं नाव जातं. आईला काय सांगू?

१२ नोव्हेंबर
आजही सांगितलं नाही.

१३ नोव्हेंबर
फाइलमधले जुने बदल तपासले. त्याच्या मूळ मसुद्यात प्रत्येक फेरीचा क्रमांक किल्लीत मिसळलेला आहे. ती ओळ गेल्या वर्षी काढली – चिपमध्ये जागा पुरेना म्हणून. काढणाऱ्याचं नाव: राणी. मी. मला आठवतही नव्हतं. खाली त्याची टीप – "ताईने बघितलंय. ठीक."
लियाकतभाईंना सगळं लिहून पाठवलं. चूक माझी, हेही. मग कुकर लावला. एक वाटी तांदूळ.