कडक काही राहू नये

१२ नोव्हेंबर
पानिपतला पोचलो, जुन्या कपड्यांच्या गोदामात दोघांना काम आणि खोलीही मिळाली! गोदामाच्या भिंतीला लागून आहे, लहानशी, पण दाराला आतून कडी आहे. मुलांनी आईबापाची वाटणी केल्यापासून माझी बायको भतेरी थोरल्याकडे आणि मी धाकट्याकडे. तिला भेटायचं तर सुनेला विचारायचं. आज आम्ही एका ताटात बाजरीची खिचडी खाल्ली. भतेरी म्हणाली, या वयात पळून आल्यासारखं वाटतंय. मी हसलो, पण लगेच मनात आलं, काम सुटलं तर पुन्हा वाटणी. छातीत धडधडलं की मी लिहितो. पाचवीपर्यंतच शिकलोय, पण लिहिलं की जरा निवळतं.

१४ नोव्हेंबर
काम समजलं. परदेशातले जुने स्वेटर, कोट येतात. बायका त्यांची बटणं, चेनी, हूक कापून काढतात, कारण पुढचं मशीन कापड फाडून धागा मोकळा करतं आणि कडक काही गेलं तर त्याचे दात मोडतात. रंगवायचा खर्च नको म्हणून ढीग रंगाप्रमाणे लावतात. माझं काम नाकाचं. प्रत्येक ढिगातली चिमूट जाळायची. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, तिची राख होते. नकली धागा वितळतो, मागे काळा मणी राहतो. लोकर एका व्यापाऱ्याकडे जाते, नकली दुसऱ्याकडे. बायकांवर देखरेख करणारी मूर्ती नावाची बाई मला म्हणाली, ताऊ, नाकाला मफलर गुंडाळ, सर्दी झाली तर आमचा धंदा बसेल. सगळ्या हसल्या. भतेरी सगळ्यांत जास्त.

२१ नोव्हेंबर
धुकं हटत नाही. दोघांनाही खोकला. थुंकीत बारीक तंतू दिसतात, मूर्ती म्हणते सगळ्यांनाच येतात, नवा आहेस म्हणून बघत बसतोस.
भतेरीने बांगड्या आणि नथ उतरवून ठेवली. ढिगात पडली तर मशीनचं नुकसान, म्हणाली. बाकीच्या बायकांच्या अंगावरही काही नाही. मला बरं वाटलं नाही. पण उगाच बोललो आणि मालकाच्या कानावर गेलं तर?

२ डिसेंबर
भतेरी दुपारी उन्हात बसून नखं काढत होती. कापत नव्हती, काढत होती. रक्त नाही. मी ओरडलो तर म्हणाली, दुखत नाही हो, बटणासारखं सुटतं, तुम्ही आपले उगाच घाबरता.
रात्रीची भाकरी तिने खाल्ली नाही. दात नाहीत म्हणाली. सकाळी तर होते.

९ डिसेंबर
तिच्या कंगव्यातला केस जाळला. वितळला. काळा मणी.
पुन्हा जाळला. मणीच.
मग माझा जाळला. करपट वास, राख. जिवात जीव आला, पण क्षणभरच. ती नकली, मी लोकर. म्हणजे व्यापारी वेगळे.

१३ डिसेंबर
म्हणालो, चल, बस पकडू. म्हणाली, कुठे? मी थोरल्याकडे अन् तुम्ही धाकट्याकडे? तरी हाताला धरून उठवलं. दंडात हाड लागलं नाही. फाटकापाशी ती घडी पडावी तशी खाली बसली. मूर्तीने येऊन तिला झटकलं, खांद्यावर टाकलं. म्हणाली, ताऊ, ओढू नकोस, माल विसविशीत होतो.
फार थकलोय.

१६ डिसेंबर
भतेरी करड्या ढिगात आहे. अजून बोलते. गोधडीखालून आल्यासारखा आवाज. थंडी वाजत नाही म्हणते.
मूर्तीने विचारलं, ताऊ, हा ढीग कसला? चिमूट जाळली. पॉलिएस्टर, म्हणालो. विचारलं की खरं सांगायचं, तोंडाला तीच सवय. सांगून झाल्यावर कळलं काय केलं ते. नकलीचा ट्रक उद्या. लोकरीचा कधी, विचारायची हिंमत—

१७ डिसेंबर
सकाळी माझा केस जाळला. वास नाही. मणी—
रडलो. हसलोही बहुतेक.
मूर्तीने मला उजेडात फिरवून रंग पाहिला. करडाच आहेस, म्हणाली. दोघं एका गठ्ठ्यात बसाल.
कवळी दिली. चष्मा दिला. नखं सोपी—
गठ्ठे दाबायचं प्रेस सुरू झालं. भतेरी म्हणते, या हो, जागा धरलीय, किती वेळ लावता—
बोटं दुमडतायत. अक्षर नीट— आता पेन तेवढं कडक उरलंय. मूर्ती हात पुढे करून उभी आहे, म्हणते ताऊ, आण ते इकडे, म्हणजे