चार दिवसांपूर्वीचा पाऊस

आई, मीही पावसाचंच काम करते हे तुला सांगायचं राहून गेलं. अकोल्यात जठारपेठेत चष्म्याच्या एका दुकानावर आमचं तीन माणसांचं ऑफिस आहे. तिथून आम्ही शेतकऱ्यांसाठी एक वेबसाइट चालवतो. फोनवर गावाचं नाव टाकलं की पुढच्या पाच दिवसांत तिथे पाऊस आहे की नाही ते दिसतं. हा अंदाज आमचा नसतो. बाहेरच्या एका कंपनीची सेवा आहे; आमच्याकडून तिला गावाचं ठिकाण जातं, तिच्याकडून आकडे येतात. ते आकडे आमच्या पानावर आणून बसवण्याचं काम माझ्याकडे होतं. आपल्या भागात लागोपाठ वाईट वर्षं गेली होती. सकाळी पेपर उघडायला मन कचरायचं. त्यात आपण काहीतरी उपयोगाचं करतो आहोत, असं मला वाटत होतं.

पेरण्या झाल्यावर तीनेक आठवड्यांनी चांदूर रेल्वेजवळच्या एका गावातून एका बाईचा फोन आला. आवाज शांत होता. ती म्हणाली, "ताई, तुमच्या फोनात पाऊस होता. आमच्या वावरात कावून नाई आला?" मी गावाचं नाव विचारलं. ते सांगून ती पुढे म्हणाली, "सासरे म्हनत होते, थांब. मी म्हनलं, फोनात चार दिवस पाऊस हाये, आजच सरकी लावू. सारं जळालं. आता घरात माह्या शब्दाले कोनी विचारत नाई."

मी त्या दिवसांच्या नोंदी काढून पाहिल्या. त्या सेवेला फुकटात दिवसातून ठरावीक वेळाच विचारता यायचं. पेरणीच्या आठवड्यात सगळी गावं एकदम पान उघडायची, सकाळीच मर्यादा संपायची आणि तिच्या गावाची पाळीच यायची नाही. उत्तर आलं नाही तर काय दाखवायचं, हे मीच ठरवलं होतं. पान रिकामं बरं दिसत नाही म्हणून शेवटचा आलेला अंदाज तसाच ठेवायचा. त्यावर मी तारीखही टाकली नव्हती. नुसतं 'आज' आणि 'उद्या'. तिने पाहिलेला पाऊस चार दिवसांपूर्वीचा होता.

खुर्चीत बसल्या बसल्या मला तुझं ऑफिस आठवलं. अमरावतीबाहेरचं ते सरकारी शेत, तारेच्या कुंपणातलं पाऊस मोजायचं यंत्र, आणि रोज साडेआठला बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतून डोळ्यांसमोर धरणारी तू. तू तिथे शिपाई होतीस, पण तो आकडा तुझा होता. साहेब तो विचारून रजिस्टरात लिहायचे. मी सातवीत असताना तुला ताप येतो आणि तू मला पाठवतेस. झिमझिम चालू आहे, कुंपणाशी चिखल आहे. मी आत जातच नाही. आदल्या दिवशीचा आकडा माहीत असतो, बारा, तोच साहेबांना सांगून घरी येते. दुपारी तू अंगात ताप घेऊन ऑफिसला जातेस आणि बाटली काठोकाठ भरलेली पाहतेस. घरी येऊन मला हाताला धरून नेतेस आणि साहेबांच्या टेबलासमोर उभं करतेस. "सांग त्याईले," म्हणतेस. मी रडत सांगते. ते हसून सोडून देतात, तू सोडत नाहीस. परत येताना रस्त्यात म्हणतेस, "मोजलं नाई तं मोजलं नाई म्हन. कालचं पानी आजच्या दिवसाले कावून देतं?" मी तुझ्याशी दोन दिवस बोलले नव्हते. पुढे मी कॉलेजात असताना तू काविळीने गेलीस. आपण ह्यावर पुन्हा कधी बोललो नाही.

आमच्या ऑफिसच्या मालकांना मी सगळं दाखवलं. ते म्हणाले, "दुरुस्त कर. आणि बाहेर सांगायचं की कंपनीकडून, मागून डेटाच चुकीचा आला." दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. आता उत्तर आलं नाही की 'आज माहिती मिळाली नाही' एवढंच दिसतं. प्रोग्रॅमच्या तीन ओळी, आई. त्या आधी लिहायला मला कोणी अडवलं नव्हतं.

रविवारी मी त्या गावाला गेले. का गेले ते नीट सांगता येत नाही. बाई वावरातच होती, दुसऱ्यांदा सरकी लावत होती. कुठल्या ओळीत किती दाणे टाकायचे ते धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसलेले सासरे सांगत होते. फोन आता दिराकडे असतो, असं ती म्हणाली. मी कोण ते कळल्यावर सासऱ्यांनी मला विचारलं, "चूक कोणाची होती मंग?" मी म्हणाले, "मागून डेटाच चुकीचा आला, बाबाजी." त्यांनी मान हलवली. सुनेकडे पाहिलंसुद्धा नाही. खरं सांगितलं असतं तर कदाचित पाहिलं असतं. तिचा दोष नव्हता, अंदाज ताजा आहे असं तिला आम्हीच दाखवलं होतं, हे त्यांच्या तोंडावर सांगणारं दुसरं कोणी नव्हतं.

तिने मला चहा पाजला. रस्त्यापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, "तुमी आल्या तं बरं वाटलं. चुकलं म्हून कोनी येत नाई आमच्याकडे."

मी बसमध्ये चढले.

ह्याला आता दोन हंगाम झाले. आज दुपारी खरं सांगायचं म्हणून मी तिचा नंबर लावला. एक रिंग गेली आणि मी बंद केला. लगेच त्याच नंबरावरून उलटा फोन आला. तो टेबलावर वाजत होता तेव्हा मी हा कागद ओढून घेतला आणि तुला पत्र लिहू लागले.